नऊ नंबरचा स्विच

सोलापूरला जाऊन आलो म्हटलं की पुण्यातली माणसं दोनच गोष्टी विचारतात. चादर आणली का आणि शेंगाचटणी आणली का. मी दोन्ही आणलं नाही. जाताना एक जुनी वही घेऊन गेलो होतो, ती तिथं ठेवून आलो. तीन दिवसांत जे पाहिलं आणि ऐकलं ते लिहायला बसलोय खरा, पण हे सगळं त्या वहीबद्दलच आहे, हे आधीच सांगून टाकतो.

वही प्रयोगशाळेची. उत्तरेतल्या एका संस्थेत मी आणि श्यामला एकाच खोलीत, एकाच यंत्रावर पीएचडीचं काम करत होतो. ती सोलापूरची, विणकराच्या घरातली. मी चिपळूणचा. अख्ख्या प्रयोगशाळेत मराठी बोलणारे आम्ही दोघंच. अकरा वर्षांपूर्वी तिथली एक चिप माझ्या हातून जळली आणि तिचा आळ श्यामलावर आला. मला तो एका वाक्यात दूर करता आला असता. मी ते वाक्य बोललो नाही. ती पीएचडी सोडून घरी परतली, आणि मी डॉक्टर झालो, नोकरीला लागलो, मुलांना शिकवू लागलो.

गेल्या महिन्यात आमचे सर निवृत्त झाले. त्यांची खोली रिकामी करायला मला बोलावलं होतं. रद्दीच्या गठ्ठ्यात ती वही सापडली. तिच्यातलं श्यामलाचं अक्षर पाहिलं आणि मग मला घरात धड बसवेना. संक्रांत होऊन गेल्यावर बॅग भरली आणि निघालो.

टेंभुर्णी

सकाळची एसटी टेंभुर्णीपर्यंत बरी धावली. तिथं पुढचं चाक बसलं. कंडक्टरनं "अर्धा तास" म्हणून सांगितलं, तेव्हाच मी दीड तास धरला. सगळी गाडी फाट्यावरच्या हॉटेलात उतरली. मी वेळेचा फार पक्का माणूस असल्यासारखा घड्याळाकडं बघून चुकचुकत होतो. समोर एक म्हातारेबाबा येऊन बसले. पटका, धोतर, हातात रिकामं पोतं. मंगळवेढ्याचे होते. पुण्यातल्या लेकाकडं घरची ज्वारी पोचवून परत चालले होते आणि इथून त्यांना दुसरी गाडी धरायची होती.

"काय हाय त्यात?" माझ्या मांडीवरच्या बॅगेकडं बघत त्यांनी विचारलं. "पुण्यापासनं खाली ठिवली न्हाई तुमी."

"वही आहे. प्रयोगाची."

"कसला परयोग?"

आता काय सांगावं? पण चाक निघायचं होतं, चहा यायचा होता. मी सांगायला लागलो. म्हटलं, इलेक्ट्रॉन म्हणजे विजेचा कण. आम्ही चिपवर त्याच्यासाठी एक इवलीशी खोली करतो, तिला क्वांटम डॉट म्हणतात. एखाददुसरा कण राहील एवढीच जागा. भोवती भिंत. ती चढून जायची ताकद त्या कणात नसते, तरी तो कधीतरी पलीकडं सापडतो.

"भोक पाडून?"

"भोक न पाडता. त्यालाच टनेलिंग म्हणतात. किती वेळानं जातो, तेच मोजायचं."

"एवढा बारका कण दिसतो व्हय तुमाला?"

"दिसत नाही. खोलीच्या शेजारून एक बारीक करंट सोडून ठेवायचा. कण आत आला की तो करंट एकदम थोडा उतरतो, बाहेर गेला की एकदम चढतो. पडद्यावर पायऱ्या उमटतात. आम्ही पायऱ्या मोजतो."

बाबांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली. "म्हंजे चोर दिसत न्हाई. शेजारचं कुत्रं कवा भुकलं आन् कवा गप झालं, तेवढं तुमी लिवून ठिवता."

आठ वर्षं मी हे वर्गात शिकवतोय. फळे भरून टाकतो. इतकं सोपं मला एकदाही सांगता आलेलं नाही.

"आन् ही वही आता कुणाला दावायची?"

"सोलापूरला माझी एक मैत्रीण आहे. माझ्यामुळं तिच्यावर आळ आला होता. तो खोटा होता, हे सांगायला चाललोय."

"कवा आलता आळ?"

"अकरा वर्षं झाली."

त्यांनी बशी खाली ठेवली आणि पटक्याच्या शेवानं मिशा पुसल्या. "मग गाडी घंटाभर थांबली तर एवढं कशापाई चिडताय?" असं म्हणून ते मंगळवेढ्याची गाडी बघायला उठले. मी पुढं सोलापूरपर्यंत घड्याळ पाहिलं नाही.

अक्कलकोट

श्यामला अक्कलकोटला एका ज्युनिअर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते, एवढं एका जुन्या ओळखीच्या माणसाकडून कळलं होतं. फोन नंबरही मिळाला होता. केला नाही. फोनवर बोललो तर काम अर्ध्यावर होईल, असं मी स्वतःला बजावलं होतं. खरं कारण असं की ती पहिल्याच वाक्याला फोन ठेवेल अशी भीती वाटत होती.

सोलापूरच्या लॉजमधून सकाळी निघालो तेव्हा स्वेटर घातला होता. पुण्याहून बॅगेत घालताना तो प्रयोगशाळेतल्या दिवसांतलाच आहे हे लक्षात आलं नव्हतं. अक्कलकोटच्या रस्त्याला दोन्ही अंगांनी ज्वारी उभी होती, कणसं भरत आलेली. काळी माती, मोकळं आभाळ, आणि हवा अशी कोरडी की ओठ तासाभरात फुटले. दुकानांच्या पाट्यांवर मराठीशेजारी कानडी दिसायला लागलं. माझ्या मागच्या बाकावर दोन बायका एका वाक्यात दोन्ही भाषा घालून कुणाच्या तरी लग्नाची चिरफाड करत होत्या. उतरताना मी दाराच्या दांडीला हात लावला आणि बोटाला टचकन ठिणगी बसली.

मला रडूच यायचं बाकी राहिलं. ही ठिणगी कोकणातल्या माणसाला माहीत नसते. आमच्याकडं मिठाला बरणीत पाणी सुटतं, पापड उन्हातून घरात आणेपर्यंत मऊ पडतात, धुतलेली विजार तीन दिवस वाळत नाही. अंगावर वीज साठते हे मी पुस्तकात वाचलं होतं, बाविसाव्या वर्षापर्यंत अनुभवलं नव्हतं. उत्तरेतल्या पहिल्या थंडीत ते मला श्यामलानं शिकवलं. त्यांच्या मागाच्या शेडमध्ये हिवाळ्यात सूत ताठ होतं, तुटतं. कृत्रिम धागा असला तर अंगाला चिकटतो आणि चटके देतो. म्हणून तिचे वडील सकाळी जमिनीवर पाणी शिंपडतात आणि शेडमध्ये शिरताना दारातल्या लोखंडी खांबाला हात लावल्याशिवाय कुणालाही सुताजवळ जाऊ देत नाहीत. आमच्या प्रयोगशाळेतही तेच होतं, फक्त खांबाऐवजी मनगटाला अर्थिंगचा, म्हणजे अंगावरची वीज जमिनीत सोडणारा पट्टा. बाकीच्यांना त्या पट्ट्याचा कंटाळा. श्यामला त्याला 'कडं' म्हणायची आणि ते घातल्याशिवाय यंत्राकडं पाहायचीसुद्धा नाही.

आणि आळ आला तो तिच्यावर.

कॉलेज शोधायला वेळ लागला नाही. प्रयोगशाळेत इरण्णा म्हणून एक पन्नाशीचे साहाय्यक तारांची भेंडोळी सोडवत बसले होते.

"बर्री सर, या, बसा की," त्यांनी स्टूल पुढं केलं. "मॅडम आज न्हाईत. पेपर तपासणीला सोलापुरात हायत. उद्या रविवार, घरीच गावतील."

त्यांनी आपणहून सोलापुरातल्या घराचा पत्ता दिला, चहा मागवला. मी उगाच विचारलं, मॅडम कशा शिकवतात.

"लई चांगलं. पोरं वाट बघत्यात की त्यांच्या तासाची. पर एक हाय सर, मॅडम कुठल्याच यंत्राला हात लावत न्हाईत."

"म्हणजे?"

"खुर्चीत बसून सांगतात. इरण्णा, ही वायर हितं लाव. इरण्णा, तो स्विच खाली कर. समदं आमीच करतो. एकदा मी इचारलं, मॅडम, तुमीच का करत न्हाई? तर म्हणल्या, माझ्या हातात दोष हाय इरण्णा, नाजूक वस्तू जळती."

चहा आला होता. माझ्याच्यानं तो प्यायला गेला नाही. मी तिचं नुकसान मोजून आणलं होतं: एक चिप, एक पदवी, काही वर्षं. त्या स्टुलावर बसल्यावर कळलं, मी तिचे हात घेऊन गेलो होतो. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

त्या दिवशी काय झालं होतं ते आता सांगतो. चाळीस चिपांत एखादी चालायची. श्यामलानं सात महिने घालवून एक जिवंत चिप मिळवली होती आणि तिच्यात पायऱ्या दिसायला लागल्या होत्या. स्वच्छ, एकेक इलेक्ट्रॉनची. मला हेवा वाटत होता, हे आज लिहिताना कमीपणा वाटत नाही, तेव्हा स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं. चिप शीतयंत्रात अगदी खाली असते. तिच्या बारा तारा वर एका पेटीत येतात आणि प्रत्येक तारेला एक स्विच. नियम एकच: केबल लावण्याआधी त्या तारेचा स्विच अर्थला खाली करायचा आणि स्वतः कडं घालायचं. श्यामला संध्याकाळी सगळे स्विच खाली करून, वहीत लिहून गेली होती. सकाळी ती यायच्या आत मी गेलो. तिच्या पायऱ्या मला माझ्या अॅम्प्लिफायरवर बघायच्या होत्या. नऊ नंबरचा स्विच वर केला, मग लक्षात आलं की केबल लावायची राहिलीय. खोलीत गरम होत होतं म्हणून हाच स्वेटर डोक्यावरून ओढून काढला आणि तसाच, कडं न घालता, केबल लावली. टक्. एवढाच आवाज. पडद्यावरचा करंट शून्यावर आला, तो परत वर गेलाच नाही. मी केबल काढली, स्विच तसाच वर ठेवून कँटीनला जाऊन बसलो. श्यामला आली तेव्हा नऊ वर दिसला, आणि तो तिच्याकडूनच राहिला असं सरांनी धरलं.

आज सांगू, उद्या सांगू असं आठवडाभर चाललं. आठवड्यानंतर सांगायला तोंडच राहिलं नाही. पुढची चांगली चिप सरांनी मला दिली.

सोलापूर, पूर्व भाग

रविवारी सकाळी पूर्व भागात शिरलो. तेलुगू पाट्या, ओट्यावर पेपर वाचणारे म्हातारे, आणि बंद दारांच्या शेडमधून अजून कुठं कुठं येणारी यंत्रमागांची खटखट. "आधी पंधरा घरं चालायची, आता तीन," असं पत्ता सांगणाऱ्यानं न विचारता सांगितलं. श्यामलाच्या घराचं दार उघडंच होतं. तिचे वडील ओसरीवर बसले होते. मी नाव सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला.

"तुमी व्हय? ही लई सांगायची तुमचं. तिकडं एकटाच मराठी बोलणारा, लई चांगला पोरगा म्हणायची." आणि आत हाक मारली.

श्यामला बाहेर आली. केस पांढरे झालेत कडेनं. मला बघून थबकली, मग हसली. "फोन करायचास की. एवढ्या लांब आलास."

मी लगेच बोलणार होतो. तिच्या वडलांनी, काकांनी, बोलू दिलं नाही. जेवल्याशिवाय बोलायचं नाही, ही त्या घरची रीत. कडक भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगाचटणीवर दही. आमच्याकडं पाहुण्याला आग्रह तोंडानं करतात. इथं काका काही न बोलता भाकरीचा तुकडा ताटात टाकत होते आणि मी गिळत होतो. जेवताना शेडकडं बोट दाखवून ते म्हणाले, "एकच माग चालू हाय आता. ही ल्हान असताना सुताची तार तुटली की मी हिलाच हाक मारायचो. हिनं मारलेली गाठ कापडात हुडकून गावायची न्हाई. तिकडनं आली, तवापासनं मागाला शिवली न्हाई. म्हणती, माझ्या हातानं बिघडतं."

"नायना, राहू द्या की," श्यामला म्हणाली. ती वडलांना नायना म्हणते.

मी हात धुतले आणि उभ्यानंच सांगितलं. "श्यामला, ती चिप मी जाळली होती."

ती ताटं उचलत होती. ती तशीच हातात धरून तिनं विचारलं, "कुठला नंबर?"

"नऊ."

"नऊ मी खाली ठेवला होता."

"हो. मी सकाळी वर केला. कडं घातलं नव्हतं."

तिनं ताटं खाली ठेवली. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती अगदी सावकाश बोलत होती, मोजमाप वाचून दाखवावं तशी. "नऊचा स्विच घट्ट होता. अंगठ्याला लागायचा. त्या संध्याकाळी लागला होता मला. हॉस्टेलवर जाऊन मी अंगठा चोळत बसले होते, ते आठवत होतं. पण सर म्हणाले, आठवण चुकते माणसाची. सगळेच म्हणाले. मग मीही तसंच म्हणायला लागले."

मग ती माझ्याकडं वळली.

"तू काय म्हणाला होतास, आठवतं? म्हणालास, होतं असं कधीकधी, मनाला लावून घेऊ नकोस. सगळ्या लोकांत तू एकटाच तेवढं बोललास. म्हणून मी तुला लई चांगला समजत होते."

"चुकलो मी. फार मोठं चुकलो. माफ कर."

"ते नंतर बघू. आता रागवायलासुद्धा उशीर झालाय." ती पदराला हात पुसत म्हणाली, "बॅगेत काय आहे?"

मी वही काढली. तिनं पान बरोबर काढलं, शोधावं लागलं नाही. नोंदी अर्थातच इंग्रजीत आहेत, इथं मराठीत देतो. संध्याकाळची नोंद तिच्या अक्षरात: "निघताना एक ते बारा सर्व स्विच अर्थला. तपासले." सकाळची: "करंट नाही. ९ वर सापडला. कारण कळत नाही." आणि आठवड्यानंतर, बारीक अक्षरात: "बहुधा माझ्याकडून ९ वर राहिला असावा." ही ओळ लिहून तिनं वरच्या नोंदीतल्या 'तपासले' या शब्दावर एक आडवी रेघ मारली होती. प्रयोगशाळेच्या वहीत गिरगटायचं नसतं. चुकलेल्या शब्दावर एकच रेघ मारायची, म्हणजे आधी काय लिहिलं होतं ते वाचता येतं. खरा शब्द होता तो, आणि तिनं स्वतःच्या हातानं तो कापला होता.

"खाली लिही," ती म्हणाली आणि पेन पुढं केलं.

मी मांडीवर वही घेऊन लिहिलं. नऊ नंबरचा स्विच श्यामलाने अर्थला ठेवला होता. सकाळी तो मी वर केला, स्वतःला अर्थिंग न करता केबल लावली, आणि चिप माझ्या हातून जळली. सही केली. तिनं माझ्या खांद्यावरून वाचलं.

"वेळ घातली नाहीस."

"पावणेनऊ," मी म्हणालो.

"वेळ आठवतीय तुला."

"हो."

"म्हणजे एक दिवससुद्धा विसरला नव्हतास." तिनं पानावर बोट टेकवलं. "तारीख आजची घाल. ज्या दिवशी लिहितो त्या दिवसाचीच घालायची असते."

मी आजची तारीख घातली. पानावर जुन्या तारखांखाली ही एक नवी दिसायला लागली, अकरा वर्षांच्या अंतरानं.

काका इतका वेळ आमच्याकडं बघत होते. "एमैंदी?" त्यांनी लेकीला विचारलं, काय झालं म्हणून. ती तेलुगूत बराच वेळ बोलली. मला त्यातलं माझं नाव कळलं, 'स्विच' कळला, बाकी काही नाही. बोलून झाल्यावर काका माझ्याकडं वळले.

"म्हंजे हिच्या हातात काय नव्हतं."

"काही नव्हतं काका. आमच्या सगळ्यांत चांगला हात तिचाच होता."

"आन् आमी अकरा वर्सं काय केलं बघा. ती मागाला हात लावायला न्हाई म्हणायची, आन् आमी बरं म्हणायचो." एवढंच बोलून ते शेडच्या दाराकडं बघत बसले. त्यांनी मला दोन शब्द सुनावायला हवे होते. सुनावले नाहीत, उलट म्हणाले, तुमची गाडी कितीची हाय.

श्यामलानं वही ओढून घेतली. माझ्या नोंदीखाली जागा उरली होती, तिथं तिनं दोन शब्द लिहिले. सगळ्या इंग्रजी वहीत तेवढेच मराठीत, कारण ते तिला वडलांना वाचायला द्यायचे होते. काकांनी चष्मा लावला, वही उजेडाकडं धरली आणि बोट ठेवून एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचलं, "तपासले होते."

परत एकदा वाचलं. मग वही तिच्या हातात देत म्हणाले, "सही राहिली की."